दोन वर्षांचा धीर

साहेब, आमच्या मस्कतच्या कॉलेजची फुटबॉल टीम तुम्हीच बुडवलीत. नऊ-नऊ गोल खाणारी पोरं लोकेश सरांच्या हाताखाली वर्षभरात एका-दोन गोलांनी हरायला लागली होती. सर म्हणाले, "आत्ता कुठे पाया भरतोय, अजून दोन वर्षं द्या." तुम्ही मोबाइलमधून मान वर न काढता म्हणालात, "दोन वर्षं? एवढा धीर कोणाला आहे? खलास." आणि सरांना नोकरीवरून काढून टाकलंत.

ओमानमधल्याच सोहार शहरातल्या कॉलेजने सरांना लगेच बोलावलं. पण जुना मालक म्हणून तुमच्या एनओसीशिवाय, म्हणजे ना-हरकत पत्राशिवाय, त्यांना दोन वर्षं ओमानचा नवा व्हिसा मिळणार नव्हता. सरांनी तुमच्यापुढे हात जोडले.

तुम्ही हसलात. "दोनच वर्षं तर आहेत, लोकेश. गावी बस. जरा धीर धर."

साहेब, हा धीर तेव्हा कुठे मेला होता? उत्तर द्या.