शेजारच्या सीटपुढची मॅट

ही गोष्ट एकोणीसशे ब्याऐंशी सालची. बाबांची दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार तेव्हाच म्हातारी झाली होती, आणि बाबांची नजरही. आता गाडी विकायचीच, असं ठरवून लेकीने मेकॅनिकला तपासणीसाठी घरी बोलावलं.

गाडीतून डोकं बाहेर काढत तो म्हणाला, "ताई, इंजिन ठणठणीत आहे. पण शेजारच्या सीटपुढची रबरी मॅट परत फाटलीय. गेल्या सर्व्हिसिंगलाच नवी टाकली होती. इथे बसतं तरी कोण?"

"आई गेल्यापासून कोणीच नाही."

भोक टाचेएवढं होतं. वेग वाढला की आई तिथेच पाय रोवून नसलेला ब्रेक दाबायची आणि बाबा हसायचे, "लागला का गं तुझा ब्रेक?"

बाबांनी हट्टच धरला, "शेवटची एक चक्कर मारतो." परतताना ते उतारावरून भरधाव आले. फाटक उघडायला लेक समोर उभी होती. ती त्यांना दिसलीच नाही. गाडी कचकन थांबली, तेव्हा बंपर तिच्या गुडघ्यांना टेकला होता.

"ब्रेक मी नाही लावला गं," बाबा म्हणाले.

लेकीने किल्ली काढून घेतली, पण गाडी विकली नाही.

मेकॅनिक पुढे गॅरेज बंद करून मुलाकडे राहायला गेला. बाबा झोपेतच गेले. गाडी आता लेक चालवते, एकटीच.

परवा तिने महिन्यापूर्वीच शेजारच्या सीटपुढे टाकलेली नवी मॅट झटकायला उचलली. टाचेएवढ्या भोकाशेजारी आणखी एक भोक पडलं होतं, बाबांच्या बुटाच्या मापाचं.