बोटभर जागा

सीटच्या मागे बसणारं नवं इंजिन तगडं होतं, पण वीतभर जास्त लांब. त्याच्याशिवाय रेसची गाडी शेवटच्या रांगेतून हलली नसती, म्हणून सांगाडा आखणाऱ्या ताईनेच ते निवडलं. ती वीत कुठून तरी काढायचीच होती. तिने ड्रायव्हरची सीट पुढे सरकवली. ड्रायव्हर तिचा धाकटा भाऊ, ताडमाड उंच. आज तो आत बसला, तर स्टिअरिंग गुडघ्यावर अडलं. “सात किलो वजन उतरवलंय गं.” “उपाशी राहून हाडं आखूड होत नाहीत रे.” “बूट काढून बघू?” त्याने बूट तिच्या हातात दिले, अंग चोरलं, श्वास रोखला. स्टिअरिंग पुन्हा तिथेच अडलं. बोटभर जागा कमी पडली. आराखड्यातही तेवढीच कमी होती, हे तिला दोन महिने ठाऊक होतं. गॅरेजच्या दाराशी नवा ठेंगणा ड्रायव्हर बूट घालून बसला होता. त्याला तिनेच बोलावलं होतं.