नवा फिन

अपघातात उजवा पाय गुडघ्याखालून गेल्यापासून मालवणच्या उल्हासनं समुद्राचं नाव टाकलं होतं. पर्यटकांना पाण्याखालची प्रवाळं दाखवणारा हा डायव्हर आता घराची त्या बाजूची खिडकीही उघडत नसे.

डिझाइन शिकलेल्या धाकट्या बहिणीनं, मेघनानं, त्याच्या कृत्रिम पायाला बसेल असा रबरी फिन, म्हणजे पोहताना पाणी मागे सारणारा पंख, घडवला. सुरमईच्या शेपटीसारखा, मुळाशी ताठ आणि टोकाकडे लवचिक होत गेलेला.

उल्हास कितीतरी वेळ त्यावरून बोटं फिरवत राहिला. मग म्हणाला, "होडी काढ."

पाण्यात त्यानं पाय हलवला मात्र, फिन अलगद वाकला आणि त्याला पुढे घेऊन निघाला. खाली प्रवाळांत मासे तसेच फिरत होते.

तो वर आला, तेव्हा मेघनानं होडीतून हात दिला. "दादा, दमलस? चल, घराक जावया."

"तू थांब हयसर. माझा मन भरूक नाय अजून," म्हणत त्यानं पुन्हा बुडी मारली.