तारप्याकडे पाठ

पाड्याच्या पटांगणात यंत्राने उजेडाचा माणूस उभा केला. तीस वर्षांपूर्वीचा चैत्या वायडा गाल फुगवून तारपा वाजवू लागला. माहितीपटातला तुकडा होता तो. पोरंपोरी हात गुंफून त्याच्याभोवती नाचू लागली.

म्हातारा चैत्या नवा तारपा घेऊन रिंगणाजवळ आला. त्या तारप्यासाठीचा भोपळा त्याने वर्षभर जपून वाळवला होता. त्याने तो फुंकला तशी पोरं अडखळली.

"बा, थांब ना!" त्याची मुलगी जानकी वैतागली. "तुझी चाल चुकतेय. आमचे पाय अडकतात."

"माझी चुकते? अगं, तो उजेडातला मीच आहे! त्या दिवशी अंगात ताप होता. दम पुरेना, म्हणून अर्धी चाल सोडून दिली होती मी!"

"आता सगळ्या पाड्यांत तीच चाल नाचतात, बा."

रिंगण पुन्हा फिरू लागलं. तारप्याकडे कधी पाठ करायची नाही, हे चैत्यानेच या सगळ्यांना लहानपणी शिकवलं होतं. पोरं ते अजून काटेकोर पाळत होती. उजेडावरची नजर कुणी हलवली नाही, आणि चैत्याच्या समोरून जाणारा प्रत्येक जण त्याला पाठमोरा दिसत राहिला.