चाकापुढचा ठोकळा

सासरा साहेब आणि जावई हाताखाली, मग अग्निशमन केंद्रात चेष्टेला काय तोटा! "साहेब जावयापेक्षा त्या लाकडी ठोकळ्याला जपतात," सगळे म्हणायचे. चाकाला लावायचा तो ठोकळा ते कुणालाही उचलू देत नसत. आज भिंतीवर आदळून मागे आलेल्या इलेक्ट्रिक गाडीत एक बाई अडकली होती. "बायको कण्हतेय आणि तुम्ही लाकडं कसली लावताय? गाडी बंदच आहे!" नवरा ओरडला. "गप्प आहे, बंद नाही," म्हणत साहेबांनी ठोकळा चाकापुढे सारला. मगच जावई बॅटरीची तार कापायला गाडी आणि भिंतीमध्ये शिरला. तेवढ्यात बाईचा पाय पेडलवर घसरला. गाडी मुकाट पुढे झेपावली आणि ठोकळ्याला अडली. जावयाच्या छातीपुढे वीतभर जागा उरली. तार तुटली, बाई सुटली. निघताना साहेब जावयाला म्हणाले, "ठोकळा तू उचल. माझे हात थरथरताहेत."