रस्सा संपेपर्यंत

मंगळवारी दुपारी, बाणेरच्या जपानी रामेन नूडल्सच्या दुकानात निनादची नोकरी गेली. पण हे आपण ऐकलंच नाही असं समजू, कारण निनादलाही अजून पत्ता नव्हता. बॉस सबनीस मॅडमनी एकट्यालाच जेवायला आणलंय म्हणजे बढती पक्की, असं त्याने बायकोला कळवूनही टाकलं होतं.

"भुरके मार बिनधास्त. जपानात तो शिष्टाचार असतो," मॅडम म्हणाल्या. घरी बंदी असलेला दणदणीत भुरका निनादने मारला.

"शाब्बास. तुला कामावरून काढतोय आम्ही. मी सगळ्यांना इथेच आणून सांगते. गरम रश्शाने प्रत्येकाचंच नाक वाहतं, रडणारा उठून दिसत नाही. सावकाश जेव हं. वाडगा रिकामा होईपर्यंत तू आमचाच!"

निनादचे भुरके थांबले. एकेक नूडल तो दातांनी कुरतडू लागला. नूडल्स संपल्यावर रस्सा चमच्याच्या टोकाने चाटू लागला. मॅडमनी घड्याळ पाहिलं. "अडीचला तुझ्या जागेसाठी इंटरव्ह्यू आहे रे," म्हणत त्याचा वाडगा उचलला आणि घटाघटा रिकामा केला.

निनाद अदबीने उभा राहिला. "महोदया, आपण प्राशन केलेला सदर रस्सा मूळ वाडग्यात परत करावा, ही नम्र विनंती."