कव्हरवरची बाई

पुढची बाजू

"इथं फोटोखाली सही करा, बाई. सहीसकट दुप्पट देतो." लावण्यांच्या रेकॉर्डचं हे दुर्मीळ कव्हर विकत घ्यायला संग्राहक थेट नागपूरहून आला होता. फोटोत गोरीपान, नथवाली सुंदरी. "काय दिसायचात हो तेव्हा!"

"ती मी न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "कंपनीतली टायपिस्ट. मी काळी, म्हणून तिला नटवून बसवलं."

"मग सही राहू द्या. लोक फोटो बघून घेतात."

मागची बाजू

छापखान्याच्या पत्त्याखाली, बारीक अक्षरांत: गायिका द्वारका निंबाळे.

"वाचलंत? आता ऐका." बाईंनी कानावर हात ठेवला आणि बसल्या जागेवरून मुखडा उचलला. हा आवाज तो लहानपणापासून रेकॉर्डवर ऐकत आला होता. मुखडा संपला तेव्हा त्याने दोन्ही हातांनी पेन पुढे केलं.

पुन्हा पुढची बाजू

"कडेला करा हं, फोटो खराब होईल."

"होऊ दे की," म्हणत बाईंनी टायपिस्टच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत आपलं पूर्ण नाव सावकाश, ठसठशीत लिहिलं.